विद्यार्थी-अभिलेख

विद्यार्थी-अभिलेख : शाळेत किंवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या व्यक्तीविषयी त्या संस्थेने ठेवलेल्या लेखी नोंदी. प्रवेश-निर्गम नोंदवही (जनरल रजिस्टर), हजेरीपट, प्रगतिपुस्तक, उत्तरपत्रिका व गुणपत्रके, वैद्यकीय तपासणीचे तक्ते आणि शाळा सोडल्याचा दाखला यांचा त्यांत समावेश होतो. या नोंदी कोणी पाहाव्यात, चुकल्यास कोणी दुरुस्त कराव्यात आणि कोणापासून राखून ठेवाव्यात, हे प्रश्न पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याचे विषय झाले. महाराष्ट्रात ते निराळ्या वाटेने पुढे आले. येथे शाळेतील नोंद ही वय, जात व मूळ गाव यांचा पुरावा ठरली आणि त्यामुळे तिचे महत्त्व शिक्षणापेक्षा शिक्षणाबाहेरच अधिक वाढले. मोठ्या प्रमाणावर भूमिसंपादन व स्थलांतर झालेल्या न्हावा-शेवासारख्या परिसरात हे विशेषत्वाने दिसून येते.

महाराष्ट्रातील शालेय अभिलेखांचा पाया म्हणजे जनरल रजिस्टर होय. या मोठ्या बांधीव वहीत प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो. नाव, वडिलांचे नाव व आडनाव, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थान, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख व कारण असे रकाने तीत असतात. हजेरीपट व उत्तरपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट करता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जतन करावयाचे असते. शाळा सोडल्याचा दाखला हा या वहीतील एका ओळीचा प्रमाणित उतारा होय. तो देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज अन्य कोणी त्यात फेरफार केल्यास शिक्षा होईल, अशी सूचना दाखल्यावर छापलेली असते. ज्याच्याविषयी ही ओळ लिहिली जाते, तो त्या वेळी पाच-सहा वर्षांचा असतो आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे त्याला बहुधा दहा वर्षांनी, दाखला हाती पडल्यावरच कळते.

पेशवाईअखेरच्या व अव्वल इंग्रजीतील पंतोजींच्या शाळांना अशा नोंदीची फारशी गरज नव्हती. पंतोजीला मिळणारे धान्य वा पैसे पालकांकडून येत आणि मुलाचे घर त्याला ठाऊक असे. १८२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविली. रा. वि. परुळेकर यांनी पुढे संपादित केलेल्या या माहितीत शाळांची व मुलांची संख्या मिळते; एकेक विद्यार्थी मात्र तीत नाही. बोर्ड ऑफ एज्युकेशन (१८४०), वुडचा खलिता (१८५४) व त्यास अनुसरून १८५५ मध्ये स्थापन झालेले शिक्षणखाते यांमुळे परिस्थिती पालटली. खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि ते पटावरची संख्या, हजेरी व तपासणी यांवर अवलंबून राहिले. तपासणीस येणाऱ्या डेप्युटीला (बोलीत ‘दिपोटी’) दाखविण्यासाठी वह्या लिहिल्या जाऊ लागल्या. नोंदवही जन्मली ती विद्यार्थ्याच्या सोयीसाठी नव्हे, तर सरकारी पैशाचा हिशेब देण्यासाठी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील दीडशे वर्षांत तिचा हा मूळ स्वभाव फारसा बदललेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत पटावरील नावे व वर्गातील मुले यांत मोठी तफावत आढळली, तेव्हाही शासनाला वहीतून हवा होता तो हिशेबच.

जन्मतारखेच्या रकान्याचा इतिहास काहीसा गमतीचा, पण परिणामांच्या दृष्टीने गंभीर आहे. जन्म-मृत्यूंची नोंद सर्व देशासाठी एका कायद्याने सक्तीची झाली ती १९६९ मध्ये. त्यापूर्वी आणि खेड्यापाड्यांतून त्यानंतरही कित्येक वर्षे मुलाची तारीख घरात कोणास ठाऊक नसे. अमक्या पुराच्या किंवा तमक्या दुष्काळाच्या वर्षी जन्मला, एवढीच आठवण सांगितली जाई. मास्तर मुलाच्या चणीवरून वर्ष ठरवीत आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने तारीख १ जून अशी लिहीत. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य लोकांचा ‘वाढदिवस’ त्यामुळे १ जूनला येतो आणि ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून सेवानिवृत्तांची रांग लागते. अंदाजाने लिहिलेली ही तारीख नोकरी, निवृत्तिवेतन, विवाह व फौजदारी खटले यांत प्रमाण मानली गेली. भारतीय पुरावा अधिनियमाच्या (१८७२) ३५ व्या कलमाखाली शाळेची नोंद न्यायालयात ग्राह्य असली, तरी ती कोणाच्या सांगण्यावरून केली हे कळल्याखेरीज तिला वजन येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. बालन्याय अधिनियमाने (२०१५) मात्र आरोपी अज्ञान आहे किंवा कसे, हे ठरविताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र यांना अग्रक्रम दिला असून वैद्यकीय चाचणी सर्वांत शेवटी ठेवली आहे. मास्तरांच्या अंदाजावर एखाद्याचा तुरुंगवास अवलंबून राहावा, असा प्रसंग यातून संभवतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविण्यात आला आहे. म्हणजे त्यापूर्वी जन्मलेल्या सर्वांच्या बाबतीत शाळेची वही अजून बराच काळ साक्षीला उभी राहणार.

जातीचा रकाना याहून नाजूक आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला जातीमुळे प्रवेश नाकारण्यात आला आणि हे प्रकरण वरिष्ठ सरकारपर्यंत गेले. त्यानंतरच्या काळात शिक्षणखात्याच्या अहवालांतून विद्यार्थ्यांची धर्म-जातवार वर्गवारी नियमाने येऊ लागली. हंटर आयोगापुढील निवेदनात (१८८२) जोतीराव फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. कोणाला शाळेबाहेर ठेवले जाते, हे अशा वर्गवारीवाचून आकड्यांत दाखविता आले नसते. कोल्हापूर संस्थानात १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या आणि स्वातंत्र्यानंतर संविधानाने राखीव जागांना अधिष्ठान दिले. वेगळे बसविण्याच्या कामी आलेला रकाना अशा रीतीने हक्क मागण्याचे साधन झाला. मात्र त्यामुळे त्याचा काच नाहीसा झाला नाही. शिष्यवृत्तीसाठी वर्गात नावे पुकारली की जात चारचौघांत उघड होई. हक्क हवा असेल, तर हे सोसावे लागे. जातीचा उल्लेख दाखल्यावर असावा की नसावा, हा वाद म्हणूनच एका वाक्यात मिटणारा नाही. तो काढून टाका म्हणणाऱ्यांना त्याची झळ लागलेली असते; काढू नका म्हणणाऱ्यांचा तोच एकमेव पुरावा असतो.

न्हावा-शेवा परिसर : मुंबई बंदराच्या पूर्वेस खाडीपलीकडे न्हावा व शेवा ही मुळात दोन स्वतंत्र गावे. भातशेती, मिठागरे व मासेमारी हे या किनाऱ्याचे पारंपरिक व्यवसाय आणि आगरी व कोळी हे येथील प्रमुख समाज. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान भागात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. त्यासाठी शेवा गाव मूळ जागेवरून उठविण्यात आले व तेथील कुटुंबांचे पुनर्वसन नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या वसाहतींत झाले. शिवडीपासून येणाऱ्या सागरी सेतूमुळे (अटल सेतू, २०२४) मुंबईचे अंतर आता काही मिनिटांवर आले आहे.

गाव उठले, म्हणजे गावाशी असलेले नाते कागदावर सिद्ध करावे लागते. शेतकऱ्याजवळ निदान सातबाराचा जुना उतारा असतो. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो कोळी, मिठागरावरचा मजूर, किंवा खातेदाराच्या घरातील धाकटा भाऊ यांच्यापाशी तोही नसे. आपण याच गावचे, हे दाखविण्यास अशांना मतदारयादी, शिधापत्रिका व शाळेच्या वहीतील जन्मस्थानाचा रकाना यांचाच आधार उरतो. शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी सवलत असली, तरी ती मिळविणाऱ्याला वय व शिक्षण दाखविण्यास पुन्हा त्याच दाखल्याकडे यावे लागते. न्हावा येथे ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही नौकर्मचारी घडविणारी जुनी संस्था आहे. बोटीवर जाणाऱ्या तरुणाचे नाविक-पुस्तक (‘सीडीसी’) तयार होते, तेव्हाही प्रथम विचारली जाते ती जन्मतारखेची नोंद. बंदरामुळे परप्रांतीय कुटुंबांची ये-जाही वाढली. एका राज्यातील शाळेचा दाखला दुसऱ्या राज्यात चालावा, म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेण्याचा प्रघात आहे व बदलीवर आलेल्या पालकांना तो चांगलाच परिचित असतो.

जन्मस्थानाचा हा रकानाही दिसतो तितका सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात पनवेल-उरणचा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. नंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणून एकाच घरातील पणजोबा, आजोबा व नातू यांच्या जन्मस्थानापुढे जिल्ह्यांची तीन नावे येऊ शकतात आणि पुनर्वसनानंतर गावाच्या नावामागे ‘नवीन’ हे विशेषण लागते. इतिहास ठाऊक असलेल्याला यात विसंगती वाटणार नाही. पण तपासणी करणारा कारकून इतिहास जाणणारा असेलच असे नाही. आडनावांचीही तीच कथा. ‘कोळी’ हे आडनाव म्हणून लिहिले जाते, जात म्हणूनही लिहिले जाते, आणि पोटजातीचा रकाना घाईत कोराच राहतो.

या कोऱ्या रकान्याची किंमत पुढे फार मोठी ठरली. महाराष्ट्रात महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी, ढोर कोळी यांचा समावेश अनुसूचित जमातींत होतो. किनाऱ्यावरील सोनकोळी मात्र विशेष मागास प्रवर्गात मोडतात. १९७६ च्या दुरुस्ती-अधिनियमाने अनुसूचित जमातींच्या यादीतील क्षेत्रबंधने उठविली आणि महादेव कोळी असल्याचे दावे वाढले. असा दावा करणाऱ्या दोन बहिणींच्या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिला. त्यांच्या घराण्यातील जुन्या शालेय नोंदींत ‘हिंदू कोळी’ असे लिहिलेले होते व तोच पुरावा निर्णायक ठरला. याच निकालात जात-पडताळणी समित्या व त्यांची दक्षता पथके यांची कार्यपद्धती घालून देण्यात आली. पथकातील पोलीस अधिकाऱ्याने प्रत्यक्ष गावी जाऊन शाळेचे अभिलेख व जन्मनोंदी तपासाव्यात, कुटुंबीयांकडे चौकशी करावी, असे तीत नमूद आहे. राज्याने २००० साली यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. १९५० पूर्वीच्या नोंदींना अधिक मोल देण्याकडे न्यायालयांचा कल आहे, कारण त्या काळी जात बदलून लिहिण्यात काही लाभ नव्हता. हा तर्क बिनतोड आहे, असे म्हणता येणार नाही. लाभ नव्हता म्हणून खोटे लिहिले गेले नसेल हे खरे. पण लाभ नव्हता म्हणूनच काळजीपूर्वकही लिहिले गेले नसेल. किनाऱ्यावरील एखाद्या शाळेत परगावच्या मास्तराने १९३५ साली लिहिलेल्या ‘कोळी’ या दोन अक्षरांतून त्या घराण्याची पोटजमात वाचावयाची असेल, तर ते वाचन जपूनच केले पाहिजे.

नोंदींची दुरुस्ती : चुकीची नोंद बदलण्याचा मार्ग अरुंद ठेवण्यात आला आहे. माध्यमिक शाळा संहितेनुसार नाव, जात व जन्मतारीख यांत बदल करण्यास शिक्षणाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर असे अर्ज सामान्यतः विचारात घेतले जात नसत. लाभासाठी वय किंवा जात बदलून घेणाऱ्यांना आळा घालणे, हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु चूक कळते ती बहुधा शाळा सोडतानाच. तेव्हा ज्याला चूक कळली त्यालाच दार बंद, अशी स्थिती निर्माण झाली. परस्परविरोधी निकालांनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने २०१९ मध्ये असा निर्वाळा दिला, की उघड चूक असेल व ती कागदपत्रांनी दाखविता येत असेल, तर शाळा सोडल्यानंतरही संहितेतील २६.४ या नियमाखाली दुरुस्ती करता येते. तृतीयपंथीय व्यक्तींना ओळखप्रमाणपत्राच्या आधारे शैक्षणिक कागदपत्रांतील नाव व लिंग बदलून घेण्याचा हक्क २०१९ च्या अधिनियमाने व त्याखालील नियमांनी दिला. वडिलांच्या नावावरच उभ्या असलेल्या या नोंदीत आईला स्थान फार उशिरा मिळाले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवून दिला आहे.

उत्तरपत्रिका हा स्वतंत्र, पण याच मालिकेतील विषय आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळांच्या १९७७ च्या विनियमांतील १०४ व्या नियमाने गुणांची बेरीज पडताळून पाहण्याची सोय विद्यार्थ्याला दिली. मात्र फेरतपासणीचा किंवा उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नाकारून त्या गोपनीय ठरविल्या. काही विद्यार्थ्यांनी यास आव्हान दिले व मुंबई उच्च न्यायालयात त्यांना यश आले. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. लक्षावधी विद्यार्थ्यांच्या परीक्षेत निकालाला कोठेतरी अंत हवा, परीक्षकांना निर्भयपणे काम करता यावे, आणि तज्ज्ञ संस्थांनी केलेल्या नियमांच्या शहाणपणात न्यायालयाने डोकावू नये, ही त्यामागील कारणे होत. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद त्याच्यापासूनच गुप्त ठेवणे, हे ‘गोपनीयता’ या शब्दाचे विलक्षण रूप म्हणावे लागेल. गंमत अशी, की याच काळात गुणवत्ता यादीतील मुलांची नावे, गुण व छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकत. जे विद्यार्थ्याला पाहू द्यावयाचे ते झाकलेले आणि जे त्याच्या संमतीने सांगावयाचे ते जाहीर, असा हा उलटा न्याय होता. गुणवत्ता यादी जाहीर करण्याची प्रथा मंडळाने पुढे बंद केली.

अमेरिकेत हा प्रश्न नेमक्या दुसऱ्या टोकाने सुरू झाला. शाळा मुलांविषयी मानसशास्त्रीय शेरे, शिक्षकांची मते व कौटुंबिक माहिती साठवितात, ती पोलिसांना व मालकांना दाखवितात, पालकांना मात्र दाखवीत नाहीत, अशी तक्रार १९६० नंतर होऊ लागली. सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये कौटुंबिक शैक्षणिक हक्क व खाजगीपणा अधिनियम संमत झाला. अभिलेख पाहावयास मागितल्यावर ४५ दिवसांच्या आत दाखविणे, चुकीच्या नोंदीस हरकत घेता येणे आणि काही अपवाद वगळता लेखी संमतीवाचून ती इतरांस न देणे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा उच्च शिक्षणसंस्थेत गेला, की पालकांचे हे हक्क त्याच्याकडे जातात. कायदा मोडणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान थांबविता येते. म्हणजे अनुदानासाठी जन्मलेल्या वहीला अनुदानाच्याच दोरीने बांधण्यात आले. पाहण्याचा हक्क आणि राखण्याचा हक्क ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे या कायद्याने एकत्र मांडले. ब्रिटनमध्ये शालेय अभिलेखांविषयीचे विनियम १९८९ मध्ये आले.

भारतात ही दोन अंगे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कायद्यांतून आली आणि त्यांचा मेळ अद्याप पुरता बसलेला नाही. पाहण्याचा हक्क प्रथम आला. माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) अमलात आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे, असे ठरविले. १९८४ चा निकाल नव्या कायद्यापूर्वीचा असल्याने या बाबतीत तो आड येत नाही, असेही म्हटले. छायाप्रती देण्याची तरतूद राज्य मंडळानेही केली आहे. बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या (२००९) पाचव्या कलमाने मुख्याध्यापकावर दाखला तत्काळ देण्याची जबाबदारी टाकली; दाखल्यास उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही व विलंब करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. थकलेल्या शुल्कासाठी दाखला अडवून ठेवण्याची तक्रार मात्र अजूनही ऐकू येते. दुसऱ्याची नोंद मागणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्याच्या जातदाखल्यास विरोधक आव्हान देतो व त्याच्या वडिलांच्या शाळेतील उतारा मागतो; ही माहिती सार्वजनिक हिताची की व्यक्तिगत, याचा निर्णय प्रत्येक प्रकरणात वेगळा करावा लागे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील यासंबंधीचे ८(१)(ञ) हे पोटकलम बदलले व व्यक्तिगत माहितीला सरसकट अपवाद केले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती खुली करण्याची मुभा त्याच कायद्यातील ८(२) या पोटकलमात शिल्लक आहे, पण ती वापरणे आता अधिकाऱ्याच्या धैर्यावर बरेचसे अवलंबून राहील.

राखण्याचा हक्क उशिरा आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्यापुढील वर्षी आधार योजनेवरील निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, आणि सज्ञान झाल्यावर मुलास योजनेतून बाहेर पडता आले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. दरम्यान नोंदवही कपाटातून संगणकात शिरली होती. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत व नंतर केंद्राच्या ‘यू-डायस’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरली जाऊ लागली. २०२३ पासून ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक पालकांच्या संमतीने देण्यात येतो. शिक्षकांची पदसंख्या ठरविणारी संचमान्यता आधार-पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांवर बेतली गेल्याने, कायद्याने ऐच्छिक असलेली गोष्ट व्यवहारात सक्तीची होऊन बसली. आधार नसलेले मूल शाळेत बसते, पण शिक्षकाच्या पदासाठी मोजले जात नाही. अशा वेळी शाळा पालकांकडे कोणत्या स्वरात संमती मागेल, हे सांगावयास नको. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरविली असून, मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. शैक्षणिक कार्य व सुरक्षितता यांसाठी शिक्षणसंस्थांना मात्र यातून काही सूट मिळते.

जुन्या वह्यांवरील नवा ताण २०२३ नंतर दिसून आला. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महसुली कागद, जन्म-मृत्यू नोंदवह्या, कारागृहांचे अभिलेख यांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उलगडण्यात आली. मोडी जाणणारे शोधावे लागले आणि अनेक जिल्ह्यांत सापडलेल्या पानांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. ज्यांना पणजोबांची ओळ सापडली, त्यांच्या दृष्टीने ही अपूर्व सोय होती. पण रजिस्टरचे पान एकट्याचे नसते. त्या ओळीच्या वर-खाली गावातील इतर मुलांची नावे, जाती, जन्मतारखा व शाळा सोडल्याची कारणे लिहिलेली असतात. त्यांच्या वंशजांना कोणी विचारलेले नसते. मृत व्यक्तींच्या खाजगीपणाविषयी भारतीय कायदा जवळजवळ मूक आहे, परंतु जातीचा उल्लेख जिवंत वंशजालाही चिकटतो.

संगणकीय नोंद व मूळ वही यांत फरक आढळल्यास शाळेला अखेर वहीच उघडावी लागते. ऑनलाइन प्रणालीतील नाव किंवा तारीख सुधारण्यासाठी मुख्याध्यापकाकडे मागितला जातो तो जनरल रजिस्टरचा उतारा, आणि दक्षता पथकही तेच पान पाहते. खाऱ्या दमट हवेच्या उरण किनाऱ्यावर कागद लवकर पिवळा पडतो व शाई विरते. एकाच शाळेत शिकलेल्या आजोबा व नातवाच्या ओळी तेथील कपाटात दोन वह्यांत असतात : एकीत गाव शेवा, जिल्हा कुलाबा, दुसरीत गाव नवीन शेवा, जिल्हा रायगड. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, हे सांगणारा रकाना कोणत्याही वहीत नाही. ते नातवाने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावयाचे असते.